घरच्या छोट्या समारंभाचे सामान जवळच्या दुकानातून घेताना

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांपर्यंत जवळजवळ प्रत्येक वस्तीत खेळणी, फुगे आणि सजावटीचे सामान विकणारे एखादे छोटे दुकान असतेच, आणि तरीही मुलाचा वाढदिवस जवळ आला की अनेक पालक थेट जांभळी नाक्याची घाऊक बाजारपेठ गाठतात. तीस-चाळीस मुलांसाठी एकसारख्या भेटवस्तू हव्या असतील, तर तो फेरा परवडतो. दहाच मुले येणार असतील, तर अख्खे पुडके उचलून उरलेल्या टोप्या माळ्यावर टाकण्यापेक्षा घराजवळ सुट्या वस्तू घेणे बरे.

खरेदीला आठवडाभर आधी जावे आणि जाण्यापूर्वी सजवायची भिंत मोजून घ्यावी. न उघडलेली पाकिटे दुकानदार परत घेणार असेल, तर तसे बिलावरच लिहून घ्यावे. समारंभानंतर तोंडी शब्द दोघांनाही वेगवेगळा आठवतो.

खेळणे निवडताना वेष्टनावरील आयएसआय चिन्ह पाहावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, आणि चिन्हाखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तनिर्मित खेळण्यांना यातून सूट असल्यामुळे लाकडी भातुकलीवर ते दिसले नाही, तरी तेवढ्यावरून ती नाकारू नये. बटणासारखे चपटे सेल असलेल्या खेळण्याचे झाकण मात्र स्क्रूने बंद होते का, हे दुकानातच पाहावे, कारण असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते.

फुग्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त चौकशी करावी. पंपाने हवा भरलेला फुगा तरंगत नाही. छताला टेकणारे फुगे हवे असल्यास त्यांत वायू भरावा लागतो, आणि तो हेलियमच आहे ना, हे स्पष्टपणे विचारावे. स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी हायड्रोजन भरतात, आणि मेणबत्तीजवळ असा फुगा भडकतो. हेलियम भरलेला साधा रबरी फुगा साधारण आठ ते बारा तास तरंगतो, म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फुगे त्याच दुपारी भरून घ्यावेत. केक कापताना उडवायचा फेसाचा फवारा तर घेऊच नये. त्यातील वायू बहुधा ज्वलनशील असतो.

सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे कोणी ते आतून काढून दिले तरी न घेता कागदी पताका आणि पत्रावळी मागाव्यात. किमतीची घासाघीस छापील किमतीच्या खालीच होते. त्या किमतीत सर्व कर धरलेले असल्याने वर काही देऊ नये.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिनेही अशा दुकानांत मिळतात. ते दमट हवेत चिकट होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. लुटीत बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे यांच्याबरोबर छोटी खेळणी टाकायची पद्धत आता रूढ झाली आहे. पण जमिनीवर वेचायला तीन वर्षांखालील मुलेही बसणार असतील, तर मणी, गोट्या आणि न फुगवलेले फुगे त्यात मिसळू नयेत.