मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढताना या चुका टाळा

चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्यातील माझ्या शिकवणीच्या विद्यार्थ्यांनी 2⁶⁷ − 1, म्हणजे 147573952589676412927, या एकवीस अंकी संख्येचे अवयव शोधायला घेतले आणि दुसऱ्याच दिवशी 2, 3 आणि 5 हे अवयव सापडल्याचे कळवले. शेवटचा अंक 7 असलेल्या संख्येला 2 आणि 5 ने भाग जाणे शक्यच नाही. त्यांची भागाकाराची रीत बरोबर होती. चुकली होती ती संख्याच.

स्प्रेडशीटमध्ये साधारणपणे पहिले 15 अंकच टिकतात. त्यामुळे तिथे ही संख्या 147573952589676000000 अशी साठवली गेली, आणि तिच्या अंकांची बेरीज 84 होत असल्याने 3 हादेखील खोटा अवयव म्हणून पुढे आला. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज 109 आहे, म्हणजे तिला 3 ने भाग जात नाही. दशांश अपूर्णांकांच्या पद्धतीने काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये हीच संख्या 1 ने वाढून नेमकी 2⁶⁷ होते, म्हणजे सम होते, कारण त्या पद्धतीत 2⁵³, म्हणजे 9007199254740992, च्या पुढच्या सगळ्याच पूर्ण संख्या अचूक राहतात असे नाही. म्हणून भागाकार सुरू करण्यापूर्वी साठवलेली संख्या परत छापून अंक न् अंक पडताळावा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, परंतु तिथेही एका तिरक्या रेघेचा भागाकार वापरला की उत्तर पुन्हा दशांशात जाते. बाकी काढायची असेल तर टक्क्याचे चिन्हच वापरावे.

दुसरी चूक म्हणजे ‘संयुक्त आहे’ आणि ‘अवयव सापडले’ या दोन गोष्टी एकच मानणे. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी 1644 साली ही संख्या मूळ असल्याचे म्हटले होते. फ्रेंच गणिती ल्यूका यांनी 1876 साली ती मूळ नसल्याचे दाखवले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. 193707721 आणि 761838257287 हे अवयव अमेरिकन गणिती कोल यांनी 1903 साली मांडले. उलट बाजूनेही फसगत होते: 2³⁴⁰ ला 341 ने भागल्यास बाकी 1 उरते, तेवढ्यावरून 341 मूळ ठरत नाही, कारण ती 11 × 31 आहे.

प्राथमिक शाळेत ‘मूळ अवयव’ आणि पुढे इंग्रजी माध्यमात ‘प्राइम फॅक्टर’ शिकलेली आमच्याकडची मुले व्याख्येत क्वचितच चुकतात. मात्र प्रत्येक विषम संख्येने भागून पाहण्यात ती दिवस घालवतात. या संख्येचे वर्गमूळ सुमारे 1215 कोटी आहे. p ही विषम मूळ संख्या असल्यास 2ᵖ − 1 चा प्रत्येक मूळ अवयव 2kp + 1 या रूपाचा (k ही 1 किंवा त्याहून मोठी पूर्ण संख्या) असतो आणि त्याला 8 ने भागल्यास बाकी 1 किंवा 7 उरते. म्हणजे येथे फक्त 134k + 1 या संख्या पाहायच्या, आणि त्याही k ला 4 ने भागून बाकी 0 किंवा 1 उरत असेल तरच. सापडलेल्या अवयवाचा अवयव हा 2⁶⁷ − 1 चाही अवयव असतो, म्हणून या गाळणीमुळे 193707721 स्वतः मूळ असल्याची खात्री केवळ 51 भागाकारांत होते आणि दुसऱ्या अवयवाची 3257 भागाकारांत. ही खात्री न करता दोन अवयव लिहून थांबणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

आता पडताळणी. गुणाकार पुन्हा करण्याऐवजी मी मुलांना मोठी संख्या लिहायचीच नाही, असे सांगितले. पहिल्या ओळीत 1 ठेवावा, पुढच्या प्रत्येक ओळीत आधीच्या संख्येची दुप्पट करावी आणि ती 193707721 इतकी किंवा त्याहून मोठी झाली तर तेवढे वजा करावे. कोणतीही संख्या 39 कोटींच्या वर जात नाही, त्यामुळे साधी स्प्रेडशीटही येथे चुकत नाही. 67 वेळा दुप्पट केल्यावर ओळीत पुन्हा 1 आला, की 193707721 ने 2⁶⁷ − 1 ला निःशेष भाग जातो.