क्लॅरोनेट ओळखताना या चुका टाळा

निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या बँडवाल्यांच्या घरात माळ्यावरून अजून एखादी क्लॅरोनेट निघते. पेटी उघडली की सगळे आधी बेलवरचं, म्हणजे खालच्या भोंग्यावरचं नाव वाचतात. पहिली चूक तीच. बेल मिनिटभरात बदलता येते. शिवाय एकच कारखाना वेगवेगळ्या दुकानदारांची नावं ठोकून माल देत असे. वरच्या आणि खालच्या जॉइंटवरचा, म्हणजे नळीच्या दोन तुकड्यांवरचा नंबर जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर बहुधा दोन वाद्यांची एक केलेली आहे. नुसत्या नंबरावरून सालही काढू नका, प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी.

शिक्का पुसट असेल तर ब्रासो लावू नका, उरलेली अक्षरंही जातील. टॉर्च आडवा धरा, खडूची पूड हलकेच चोळा. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे 1949 ते 1990, ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे 1993 च्या आधीचं. ‘बूझी अँड हॉक्स’ या ब्रिटिश कंपनीचं हे जोडनाव 1930 नंतरचं.

मग चाव्या मोजा. 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 रिंगा असतील तर बोहम पद्धत. 13च्या आसपास चाव्या आणि खालच्या जॉइंटवर दोनच रिंगा, तर जुनी अल्बर्ट पद्धत. बोहमची बोटं तिच्यावर चालणार नाहीत.

खरी फसगत सुरात होते. बेळगाव छावणीचं गाव, म्हणून ‘एच.पी.’ (हाय पिच, म्हणजे चढा सूर) हा शिक्का शोधाच. ब्रिटिश लष्करी बँड 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 452 हर्ट्झच्या आसपासच्या चढ्या सुरात वाजत. आजचा सूर 440. वाद्य पाच मिनिटं फुंकून गरम करा. डावा अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं ठेवून वाजवा. बी फ्लॅट क्लॅरोनेट असेल तर काळी पाच लागते, ए क्लॅरोनेट असेल तर पांढरी सहा. काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे सूर लटकला तर एच.पी. समजा. ताळा मोबाईलच्या ट्यूनरवर घ्या. भजनी मंडळाच्या पेटीवर नको, तीच उतरलेली असायची. मापही सांगतं: माउथपीस (तोंडात धरायचा भाग) सोडून बी फ्लॅट साधारण 60 सेंमी, एच.पी. दोनेक सेंमी आखूड. बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) ओढून एच.पी. दुरुस्त होत नाही. वरचे सूर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि सप्तक बिघडतं.

उलट, चांगलं वाद्य बेसूर म्हणून टाकूनही देऊ नका. बूझीच्या 1010 मॉडेलचं नळीचं आतलं भोक रुंद, सुमारे 15.2 मिमी, त्याला त्याचाच माउथपीस लागतो, नेहमीचा लावला की सूर जुळत नाहीत.