सगळंच उन्हावर ढकलू नका: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लगेच दवाखाना कधी गाठायचा

सोलापुरात मार्च लागला की डोकं दुखलं तरी ऊन, चक्कर आली तरी ऊन, पाय सुजले तरी ऊनच. त्यात बाई गरोदर असली की घरातल्या मोठ्या बायका म्हणणार, "होतं गं असं, आम्हाला नाही का झालं?" आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा काही नसतंच, पण ज्या वेळी असतं त्या वेळी उद्या सकाळपर्यंत थांबायलाही सवड नसते. म्हणून कशाला थांबायचं आणि कशाला नाही एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, नवऱ्याला तर पाहिजेच.

सगळ्यात फसवं म्हणजे बीपी. पाचवा महिना सरल्यावर डोकं ठणकायला लागलं आणि पाणी पिऊन, सावलीत पडून पण कमी येईना, डोळ्यापुढं काजवे चमकतात, अंधुक दिसतं, छातीच्या खाली उजव्या बाजूला पोट दुखतं, एकदम तोंड आणि हाताची बोटं सुजली, बांगड्या घट्ट झाल्या, तर "ऊन लागलंय" म्हणून कांदा-पन्हं करत बसायचं नाही, आधी बीपी मोजायचं. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि १६०/११० ला गेलं किंवा वरचा त्रास होतोय तर आकडा कितीही असू दे, लगेच निघायचं. बीपी हाताबाहेर गेलं की झटके येतात. झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, चप्पल हुंगवू नका, १०८ लावा.

सुजेचं जरा नीट सांगते, कारण आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून बसतात आणि पाय सुजले की त्यावरच खापर. दोन्ही पाय संध्याकाळी सुजले आणि सकाळी उतरले तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं, पुढच्या तपासणीला सांगा. पण एकच पाय सुजला, पोटरी गरम लागते, दुखते, तर आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तो पाय मालिशवाल्या बाईच्या हातात अजिबात द्यायचा नाही, बाळंतपणानंतर तर नाहीच, लगेच दाखवायचा. आणि त्यात दम लागला, छातीत दुखलं तर गाठ फुप्फुसात गेली असेल, तिथं एक मिनिट घालवू नका.

रक्त कुठल्याही महिन्यात गेलं तर त्याच वेळी फोन, "थोडंच आहे" हे घरी ठरवायचं नाही. सुरुवातीच्या दोन-अडीच महिन्यात पोटात एका बाजूला जोरात कळ आणि चक्कर आली तर गर्भ नळीत असू शकतो, त्यात रक्त आतल्या आत जातं, बाहेर दिसेलच असं नाही. पाणी गेलं, मग कळा असोत नसोत, निघायचं, आणि ते हिरवट असेल तर अजून घाईनं. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि मोजा, दोन तासांत १० पण नाही झाल्या तर जायचं, आणि अजिबातच हलत नसेल तर मोजत बसायचंच नाही. "शेवटी शेवटी बाळ झोपतंच" हे चूक आहे. तळहात-तळपायाला रात्री खूप खाज येते, पुरळ तर नाही, हे पण सांगा, लिव्हरचा त्रास असू शकतो.

आता बाळंतपणानंतरचं, जे सगळे विसरतात. बाळ झालं, पेढे वाटले, सगळ्यांची नजर बाळाकडे. पण बीपीचं, रक्ताचं, गाठीचं भय डिलिव्हरीनंतर सहा आठवडे असतंच, म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर थोडं. आणि नेमकं त्याच काळात "बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही". पाळा खुशाल, पण एका तासात पॅड पूर्ण भिजतोय, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडतायत, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी, तर सव्वा महिना बाजूला ठेवा आणि गाडी काढा. ताप १००.४ च्या वर, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, टाके लाल होऊन पू, तर ते बाळंतवात म्हणून धुरी देऊन जात नाही, इन्फेक्शन असतं. आडवं झालं की दम लागतो आणि उठून बसावं लागतं, हे पण अशक्तपणा म्हणून सोडू नका, हृदयाचं दुखणं असू शकतं.

मनाचं पण बघा. पहिले काही दिवस रडू येतं, ते आपोआप जातं. दोन आठवडे झाले तरी रडतेच आहे, बाळाकडं बघवत नाही म्हणते, तर दाखवा, १४४१६ या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फुकट बोलता येतं. पण रात्र रात्र झोप नाही, भलतंच बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, स्वतःला किंवा बाळाला काही करीन म्हणते, तर एकटं सोडू नका, देवऋषाकडं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलात.

निघायचं कसं? गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२, अत्यवस्थ असेल तर १०८, दोन्ही फुकट. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून गाव ते सिव्हिल अंतर बघता गाडीची वाट बघत पुण्याच्या दिराला विचारत बसू नका, आशाताईला फोन करा, ती रस्ता काढते. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर जाताना माता-बाल कार्ड, रक्तगटाचा, हिमोग्लोबिनचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबतच न्या, सासरच्या कपाटात ठेवू नका. आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, "हिची डिलिव्हरी होऊन इतके दिवस झालेत" किंवा "इतवा महिना चालू आहे", मग बाकीचं. साडीत-शालीत गुंडाळलेल्या बाईकडं बघून डॉक्टरला ते कळत नाही, आणि नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं तर डोकेदुखीचीच गोळी मिळते.