घराण्यातल्या पणजीचा शोध घेताय? या चुका टाळा

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेली माणसं आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी सरळ रेघ ओढत जातात आणि शेजारी 'पत्नी' म्हणून एखादं नाव टाकून पुढे सरकतात. त्या बाईला आई होती, भाऊ होते, गाव होतं. ते शोधायचं म्हटलं की दोन रविवारांत कंटाळा येतो आणि मग अंदाजाने नावं भरली जातात. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांचे असे कागद मी वर्षानुवर्षं पाहते आहे. चुका त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाईला फक्त सासरच्या गावात शोधणं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज लक्षात घ्या. थोरल्या मुलाची जन्मनोंद बहुधा आजोळच्या गावच्या वहीत सापडते. ही वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. बाळंतपणात बाई गेली तर तिच्या मृत्यूची नोंदही तिथेच.

कोपरखैरण्याचा एक मुलगा फ्रेम केलेला वंशवृक्ष घेऊन आला होता. मोबाइलच्या अॅपवर एका सुट्टीत बनवलेला. आजीचे वडील वारल्यावर जो फेरफार झाला, म्हणजे जमिनीच्या दप्तरात वारसांची नोंद झाली, त्यात विधवेचं नाव होतं. त्याने तेच पणजी म्हणून लिहिलं. मी वयं जुळवून बघायला सांगितली. त्या विधवेच्या मृत्यूच्या नोंदीतलं वय धरलं, तर आजी जन्मली तेव्हा ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची ठरत होती. तो म्हणाला, जुन्या लोकांना वयं कुठे ठाऊक असायची, चालतं तेवढं. नाही चालत. दोन-चार वर्षांचा फरक मी सोडून देते, हा फरक सोडण्यासारखा नव्हता.

आजी हयात नव्हती, पण तिची धाकटी बहीण घणसोलीत होती. तिला आईबद्दल काही न विचारता आम्ही विचारलं, "मोठ्या ताईचा मामा कुठला?" म्हातारी पटकन म्हणाली, "तिचा मामा उरणकडचा, आमचा बेलापूरचा." दोन मामा म्हणजे दोन आया! उरण तालुक्यातल्या त्या गावच्या वहीत मुलीचा जन्म निघाला, आणि त्याच पानावर खाली तिच्या आईचा मृत्यू. नवऱ्याच्या नावाने, सासरच्या गावाच्या उल्लेखासकट. जी बाई बाळंतपणात गेली, तिला तिच्याच पणतवाने वंशवृक्षातून वगळलं होतं, केवळ घाई होती म्हणून. मला त्याचा अजून राग येतो.

तेव्हापासून मी कुठल्याही म्हातारीला आधी मामाचं गाव विचारते. आईचं माहेरचं नाव विसरलेलं असतं, लग्नात बदललेलं असतं. मामा मात्र लग्नात, बारशात, भांडणात सगळीकडे हजर असतो, तो विसरला जात नाही. आणि कुठलंही नातं दोन वेगळ्या ठिकाणी सापडेपर्यंत मी पेन्सिलनेच लिहिते.

इथे आणखी एक घोळ होतो. १९७० नंतर सिडको या सरकारी कंपनीने वसवलेल्या नवी मुंबईत ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावं आली, म्हणून लोक सगळं ठाण्यातच धुंडाळतात. पनवेल-उरण तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ चं. ते दप्तर त्या त्या तहसीलला, नाहीतर अलिबागला.

जन्मतारीख विचारू नका. 'मानमोडीच्या वेळी तू केवढी होतीस' असं विचारा, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ती पिढी गेली असेल तर १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट, किंवा गावची जमीन सिडकोकडे गेली ते वर्ष.

परदेशी व्हिडिओ बघून जनगणनेत पणजी शोधायला निघू नका. आपल्याकडे जनगणनेतली एकेका माणसाची माहिती कायद्यानेच गोपनीय आहे.

नुसत्या नावावरून जुळणी तर करूच नका. एका आळीत चार हिराबाई असतात, आणि नातीला आजीचंच नाव ठेवलेलं असतं.

जुन्या कागदांवरची मोडी लिपी अर्धवट शिकून वाचू नका, जाणकाराला दाखवा. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात, आणि आडनाव म्हणून वाचलेलं भलतंच काही निघतं. सालाला शके लिहिलंय का ते बघा. शके १८४० म्हणजे १९१८-१९.

सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही म्हणून शोध थांबवणारेही खूप. अहो, भावांनी बहिणींकडून जमिनीवरची हक्कसोडपत्रं करून घेतली तेव्हा प्रत्येकीचं लग्नानंतरचं पूर्ण नाव, नवरा, राहण्याचं गाव सगळं त्यात लिहिलं गेलं. जमिनीवरचा हक्क गेला, तो कागद राहिला. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असेल तर नक्कल मिळते. प्रकल्पग्रस्तांच्या घरी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी, म्हणजे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणाऱ्या तुकड्यासाठी, काढलेल्या वारस दाखल्याची फाइल असते. तिच्यात वंशावळ जोडलेली असते, लेकींसकट. ही फाइल कपाटात ठेवून लोक इंटरनेटवर शोधत बसतात!

आणि इमारत पाडायला निघाली की जुनी पितळेची भांडी सरळ मोडीत घालतात. त्यांवर लग्नात कोणी दिलं, कधी दिलं, हे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं; माहेरच्या माणसांचीच नावं बहुतेक. प्रत्येक तांब्या-हंड्याचा गळा आणि तळ बघा. अक्षरं पुसट असतील तर थोडी तांदळाची पिठी फिरवा, ठिपके उठून दिसतात, मग फोटो काढा.