सेकंडहँड गाडीचा गिअरबॉक्स त्रास देतोय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय "सगळं ओके आहे"? मग असं करा

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली, थोडे दिवस बरी चालली आणि मग गिअर बदलताना हिसके द्यायला लागली, किंवा डी मध्ये टाकल्यावर क्षणभर जागेवरच उभी राहते आणि मग धक्का देऊन निघते. सर्व्हिस सेंटरला नेली की ते धुऊनपुसून परत देतात, "काही प्रॉब्लेम दिसला नाही" म्हणतात. आणि मग सल्ले सुरू होतात. ऑइल बदलून बघ, बाटलीतलं ॲडिटिव्ह टाक, बॅटरीची वायर काढून रिसेट मार. हे वाचलं की माझं डोकंच फिरतं. ह्यातलं एकही काम गाडी दाखवायच्या आधी करू नका. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत साठलेले कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने दोषासाठी नोंदवलेले नंबर) पुसले जातात, काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने झिजेप्रमाणे स्वतःला जे जुळवून घेतलेलं असतं तेही उडतं, मग गाडी काही दिवस वेगळीच वागते आणि खरा दोष झाकला जातो. ऑइलचंही तेच. जुन्या ऑइलचा रंग, जळका वास, त्यातले धातूचे कण हा सगळा पुरावा आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या पैशाने ओतून देताय.

कागद आधी बघा. वॉरंटी शिल्लक आहे का, ती नवीन मालकाच्या नावावर होते का, गिअरबॉक्स त्यात येतो का. चासी नंबर देऊन दोन गोष्टी विचारा, ह्या गाडीवर एखादा रिकॉल (ठरावीक दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त करणं) बाकी आहे का आणि आधीच्या मालकाच्या काळातली सर्व्हिस हिस्टरी काय आहे. आधीच्या मालकाने हीच तक्रार केलेली सापडली तर अर्धं काम झालं समजा.

दोन गोष्टी स्वस्तात तपासून टाका, नाहीतर तिथे गेल्यावर ह्यातच वेळ जातो. इंजिनचा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) हुबेहूब गिअरबॉक्सच्या थरथरीसारखा वाटतो, आणि इंजिन माउंट (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो) गेलं असेल तर डी मधून आर मध्ये टाकताना जो ठोका बसतो त्याचा गिअरबॉक्सशी काही संबंध नसतो. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत ना तेही बघा, सेकंडहँड गाडीत हा घोळ हमखास असतो.

आता नोंदी. झटका आला की लगेच गाडी बाजूला घेऊन फोनमध्ये लिहा, घरी जाऊन आठवून नाही. गाडी थंड होती की गरम, किती स्पीड, किती आरपीएम, पाय ॲक्सिलरेटरवर हलका होता की जोरात दाबलेला, चढ होता का, एसी चालू होता का, कितव्या गिअरमधून कितव्यात जाताना झालं. मॅन्युअल मोडमध्ये टाकून बघितल्यावर होतं का तेही लिहा. व्हिडिओ काढायचा तर शेजारच्याला काढायला सांगा, आरपीएमचा काटा आणि स्पीड दोन्ही एका फ्रेममध्ये पाहिजेत आणि आवाज नीट आला पाहिजे. नुसता डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दाखवणारा फोटो काही उपयोगाचा नाही.

इथून पुढे खरं काम सुरू होतं, आणि मीही वर्षानुवर्षं इथेच अडकायचो.

सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलावर बसल्यावर "गिअरबॉक्स गेलाय" असं म्हणू नका. "टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) खराब आहे, मी वाचलंय" असंही नाही. निदान तुम्ही सांगितलं की ते फक्त तुमचं निदान खोटं ठरवतात, कोड नाही म्हणतात आणि जॉब कार्ड, म्हणजे तुमची तक्रार आणि काम लिहिलेला कागद, बंद करतात. तुम्ही लक्षण सांगायचं, तेही असं की दुसऱ्या कुणालाही ते परत करून बघता येईल. "गाडी झटके मारते" हे काहीच नाही. "वीसेक मिनिटं चालून गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर ६० च्या आसपास स्थिर स्पीड धरला आणि ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की दोन-तीन सेकंद थरथर होते, पाय उचलला की थांबते" ही तक्रार आहे. हे वाक्य घरून लिहून न्या आणि जॉब कार्डवर जसंच्या तसं टाकायला लावा. ॲडव्हायझर ते छोटं करून "गिअर शिफ्टिंग चेक" एवढंच टाइप करतो, त्याला स्क्रीनवर रकाना लहान असतो आणि मागे लाइन असते हे मला कळतं, पण आत जो टेक्निशियन गाडी घेणार आहे त्याने तुम्हाला बघितलेलं नसतं, त्याच्यापर्यंत फक्त तो कागद जातो. म्हणून सही करायच्या आधी जॉब कार्ड वाचा. पूर्ण वाक्य नसेल तर सही करू नका, हाताने लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा.

मग टेस्ट ड्राइव्ह. गाडी सोडून घरी जाऊ नका. तुम्ही सोबत असल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह होऊ देऊ नका, आणि ज्याने गाडी उघडायची आहे तोच माणूस बरोबर पाहिजे, ॲडव्हायझर नाही. हे आधी फोन करून ठरवा, "गिअरबॉक्सचं काम करणारा सीनियर टेक्निशियन अर्धा तास मोकळा असेल अशी वेळ द्या" असं स्पष्ट मागा. सकाळी गर्दीच्या वेळी हे कधीच मिळत नाही, दुपारी मिळतं.

आणि टेस्ट ड्राइव्हला तरी काय होतं ते सांगतो. टेक्निशियन गाडी घेतो, गेटबाहेर पडतो, जोरात रेस करतो, करकचून ब्रेक मारतो, एक चक्कर मारून परत. त्याला वाटतं आपण गाडीला चांगलं पिळून बघितलं. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा जो लॉकअप क्लच असतो तो स्थिर स्पीडला, हलक्या पायाखाली धरतो, जोरात रेस केली की सुटतो. म्हणजे तो जेवढी गाडी दामटवणार तेवढा दोष लपणार. एका ड्राइव्हला मी शेजारी बसून होतो, टेक्निशियन भला माणूस होता पण पाय जड. त्याला म्हटलं, दादा आता रेस सोडा, काटा साठवर येऊ द्या, आता अगदी सूतभर दाबा आणि तसाच पाय धरून ठेवा. गाडीत दोघंही गप्प. मग सीटखालून ती थरथर आली, रस्त्यावरच्या रम्बलरवरून चाक जावं तशी, त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःहून पाय उचलून परत दाबला. परत आली. त्यानंतर त्या गाडीला कुणी "नॉर्मल" म्हटलं नाही.

तुमचा दोष कधी येतो त्यावर गाडी कशी द्यायची ते ठरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला येत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी तिथे ठेवा आणि सकाळी टेक्निशियन हजर असल्याशिवाय कुणी किल्ली फिरवायची नाही हे जॉब कार्डवर लिहा, कारण पार्किंगमधून हलवायला एकदा चालू केली की आठ तासांची थंडी वाया. गरम झाल्यावर येत असेल तर उलटं, दाखवायच्या आधी चांगली लांब चालवा आणि इंजिन चालू असतानाच ताब्यात द्या. ड्राय क्लच डीसीटी (दोन कोरड्या क्लचवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर मोकळ्या रस्त्यावर काही दिसणार नाही, सरपटत्या ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर रिव्हर्स घेताना क्लच तापतो आणि तेव्हा ती थरथरते, तर तशीच जागा शोधून ठेवा. सीव्हीटीमध्ये (ठरलेले गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) गिअर बदलण्याचा झटका नसतोच, तिथे रेस वाढते पण गाडी उचलत नाही का आणि घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का ते दाखवायचं. रस्ता तुम्ही निवडायचा. ते नाही म्हणतील, म्हणतील आमचा ठरलेला रूट आहे. ठाम राहा, त्या ठरलेल्या रूटवर तुमचा दोष येत असता तर तो आधीच सापडला असता.

ह्या ड्राइव्हला कंपनीचा स्कॅनर जोडलेला असला पाहिजे आणि तो रेकॉर्ड करत असला पाहिजे. उभ्या गाडीला स्कॅनर लावून "कोड नाही" म्हणणं हे तपासणं नाहीच. झटका आला त्या क्षणी कोणता गिअर मागितला होता आणि कोणता लागला, इंजिनचे फेरे आणि टर्बाइनचे (टॉर्क कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचे) फेरे ह्यात किती फरक पडला, ऑइलचं तापमान आणि प्रेशर किती होतं, हे सगळं त्यात दिसतं. लॉकअप पूर्ण धरलेला असताना फरक जवळपास शून्य असायला हवा, तो वरखाली नाचत असेल तर क्लच घसरतोय.

कोडबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतात. त्यात पी ०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, खरा कोड त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तिथे पी ०७३० असेल तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये, पी ०७४१ असेल तर लॉकअप क्लच नीट धरत नाहीये, पी ०७१५ असेल तर गिअरबॉक्समध्ये येणारे फेरे मोजणाऱ्या इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे. म्हणून विचारताना "कोड आहे का" असं विचारू नका, "गिअरबॉक्सच्या मोड्यूलमधले साठलेले आणि पेंडिंग कोड, फ्रीझ फ्रेमसकट, प्रिंट द्या" असं मागा. पेंडिंग म्हणजे अजून पक्के न झालेले, आणि फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान. प्रिंट हातात येईपर्यंत कोड पुसू देऊ नका.

ऑइलची लेव्हल बघायला सांगा, पण पद्धतीने. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते, इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला, खालचा प्लग उघडून बघावं लागतं. वरून बघून "लेव्हल ठीक आहे" म्हणाले तर कशी बघितली ते विचारा. आधीच्या मालकाने चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं असेल ही शक्यता सेकंडहँड गाडीत नेहमी धरायची, सीव्हीटीत तर ऑइल तिचंच लागतं, साधं ऑटोमॅटिकचं चालत नाही. गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर उघडलं तर त्यातल्या धातूचे कण धरणाऱ्या मॅग्नेटचा फोटो मागा, बारीक करडा लेप असतोच, त्याला घाबरू नका, चकचकीत कपचे दिसले तर ती वेगळी गोष्ट.

कंपन्या डीलरना टेक्निकल बुलेटिन पाठवतात, अमुक मॉडेलला अमुक लक्षण आलं तर हे सॉफ्टवेअर टाका किंवा हा पार्ट बदला अशी. "ह्या लक्षणावर ह्या चासी नंबरसाठी बुलेटिन आहे का, सिस्टिममध्ये बघून सांगा" हे एवढ्याच शब्दांत विचारा. बुलेटिन म्हणजे रिकॉल नाही, वॉरंटी संपली असेल तर ते फुकट होईलच असं नाही, पण दोष शोधायचं काम निम्म्यावर येतं.

एवढं करून "हे ह्या मॉडेलचं नॉर्मल आहे" ऐकायला मिळालं तर भांडू नका, दुसरी तीच गाडी मागा. त्यांच्याकडे टेस्ट ड्राइव्हची किंवा सर्व्हिसला आलेली बहुतेकदा असते. तोच रस्ता, तोच स्पीड, तोच पाय. तीही तशीच थरथरली तर विषय संपला, मान्य करा, मी केलंय. नाही थरथरली तर टेक्निशियनलाच बोलू द्या. आणि गाडी देणारच नसतील तर "नॉर्मल आहे" हे जॉब कार्डवर लिहून, किलोमीटर आणि तारखेसकट द्या म्हणा. लिहायची वेळ आली की लोक परत एकदा बघतात.

"दोष आढळला नाही" असा बंद झालेला कागदही फेकू नका. वॉरंटी संपायच्या आधी तक्रार केली होती ह्याचा तोच पुरावा. दरवेळी नवीन जॉब कार्ड आणि तक्रारीचे शब्द अगदी तेच, बदलले की त्यांच्याकडे ती नवी तक्रार होते, जुनीच परत आली असं दिसत नाही. दोन-तीन कागद जमले की कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, केस नंबर घ्या आणि कंपनीचा टेक्निकल इंजिनिअर गाडी बघायला पाठवा अशी मागणी करा. फोनवर गोड बोलतात, मेलवर उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या डीलरकडे गेलात तर आधी लक्षण सांगा, पहिल्याचं मत नंतर, नाहीतर तो तेच कॉपी करतो.

वॉरंटी नसेल तर निदानाची फी आधी ठरवा आणि काम तिथेच केलं तर ती बिलातून वजा होणार का तेही.

पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. कोणत्या टेस्टवरून ठरवलं, डेटा दाखवा, सॉफ्टवेअर अपडेट आणि रीलर्न (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला नव्याने जुळवून घ्यायला लावणं) करून बघितलं का, नुसतं सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं ऑइल वळवणारे भाग) बदलून भागत नाही हे कशावरून. खरंच गेला असेल तर ह्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात, आणि नसतील तर अंदाजाने तुमचे पैसे खर्च होतायत.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी त्याच टेक्निशियनबरोबर, त्याच रस्त्यावर, गाडी तेवढीच गरम करून चालवा. काढलेले पार्ट परत मागा, वॉरंटीत बदलले असतील तर निदान फोटो. रीलर्न केलंय हे बिलावर लिहिलेलं पाहिजे, आणि काही दिवस गिअर थोडे वेगळे पडले तर घाबरू नका. पण तीच थरथर, त्याच स्पीडला परत आली तर थांबू नका, त्याच दिवशी मेल टाका, नवीन जॉब कार्ड उघडा आणि त्यावर आधीच्या जॉब कार्डचा नंबर लिहायला लावा.