लॅमेलर चिलखत घरी बनवायचंय? मग आधी भोकं कुठे पाडायची ते ठरवा

चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी कड्यांचं जाळंच येतं, प्रतापगडाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याखाली घातलेलं तसलं. लॅमेलर वेगळं. यात छोट्या पट्ट्या एकमेकींनाच वादीने, म्हणजे चामड्याच्या बारीक दोरीने बांधतात, मागे कापडाचा आधार नसतो. कापडावर खवले शिवले की तो दुसराच प्रकार झाला, आणि ही गल्लत फार लोक करतात.

असीरियाच्या दगडी शिल्पांत, म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांमागे, असे सैनिक दिसतात. पण मला सगळ्यात कामाचा वाटतो तो जिओव्हानी दा पियान देल कार्पिने, पोपचा दूत म्हणून १२४५ ला मंगोलांकडे निघालेला पाद्री, कारण त्याने पट्ट्यांचं मापच लिहून ठेवलंय: बोटभर रुंद, तळहाताएवढी लांब, प्रत्येकीत आठ बारीक भोकं, आणि घासूनपुसून एवढी चकचकीत की त्यात तोंड दिसावं.

आपणही आठच भोकं पाडू. १ मिमी जाडीचा साधा लोखंडी पत्रा घ्या, ३ सेमी रुंद ८ सेमी लांब पट्ट्या कापा, कोपरे गोल करा. उजव्या-डाव्या कडेला दोन-दोन भोकं, कडेपासून बरोबर ५ मिमी आत. शेजारची पट्टी १ सेमी चढवली की दोघींची भोकं आपोआप समोरासमोर येतात, तिथूनच वादी जाते. राहिलेली चार मधल्या रेषेत, एकाखाली एक: दोन वरच्या टोकाजवळ, पहिलं टोकापासून ५ मिमीवर, आणि दोन खालच्या टोकापासून अडीच सेमी *वर*.

हे अडीच सेमी विसरू नका प्लीज. मी पहिल्यांदा ही भोकं अगदी खालच्या कडेला पाडली होती, सगळं बांधून अंगावर चढवलं आणि वजनाने प्रत्येक ओळ खाली घसरून मधे फट पडली, दोन महिन्यांचं काम परत उसवावं लागलं. लॅमेलरमधे खालची ओळ वरच्या ओळीच्या बाहेरून २ सेमी चढलेली असते, जुन्या तिबेटी चिलखतांतही तसंच आहे, म्हणून ती जिथून लटकते ते भोक त्या चढलेल्या भागाच्या वरच हवं.

आता हिशोब. आत गोधडीसारखं जाड शिवलेलं जाकीट घालायचंच, त्याशिवाय मार थेट बरगड्यांना लागतो. ते धरून घेर ११० सेमी आला तर एका ओळीला ५५ पट्ट्या, ७ ओळींत साधारण ४४ सेमी उंची, म्हणजे ३८५ पट्ट्या, ३०८० भोकं आणि सव्वासात किलोच्या आसपास वजन. म्हणून एक मास्टर पट्टी नीट बनवा, तिच्याखाली चार-पाच पट्ट्या शिकंज्यात घट्ट आवळा आणि एकदमच ड्रिल मारा, हातात धरून अजिबात नको. मग प्रत्येक भोकाची दोन्हीकडची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, काढा. कंटाळवाणं काम आहे पण ती धार राहिली तर वादी आतल्या आत कापत जाते आणि तुम्हाला कळतही नाही.

वादी वापरण्याआधी खेचून ताणून घ्या, नाहीतर नंतर ढिली पडते. आधी एकेक ओळ आडवी पूर्ण बांधा, मग वरून खाली ओळी लटकवत या. आडवं बांधताना घट्ट, उभं बांधताना साधारण १ सेमी सैल, म्हणजे वाकताना ओळी एकमेकींवर सरकतात. एका बाजूला उघडं ठेवून बक्कल लावा, खांद्यांवर रुंद चामडी पट्टे.

गंजासाठी जपानमधे पट्ट्यांवर लाखेसारखं रोगण चढवायचे. आपल्या पावसाळ्यात निदान तेलाचा हात तरी फिरवाच, आणि तो बांधायच्या आधी, कारण नंतर पट्ट्यांच्या मधे फडकं जात नाही.