फिझोवर फ्लॅट तपासायच्या आदल्या दिवशी

उद्या सकाळी फिझो इंटरफेरोमीटरवर (लेझरच्या प्रकाशाने पृष्ठाचा सपाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर) सपाट काच, म्हणजे फ्लॅट, तपासायची असेल, तर तयारी आज संध्याकाळीच करा. आधी रेफरन्स फ्लॅटचं, म्हणजे यंत्रातल्या ज्या सपाट काचेशी आपली काच ताडून बघतो तिचं, सर्टिफिकेट काढून बघा. पडद्यावर दिसतो तो आपल्या एकट्या काचेच्या उंचसखलपणाचा नकाशा नसतो, त्यात रेफरन्सचे दोषही मिसळलेले असतात. हीलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, आणि प्रकाश जाऊन परत येतो, म्हणजे एक फ्रिंज (पडद्यावरचा काळा-उजळ पट्टा) त्याच्या निम्म्या, ३१६.४ नॅनोमीटरची. रेफरन्स तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतका सपाट असेल, तर त्याचा स्वतःचा दोष ३१.६ नॅनोमीटरपर्यंत जातो. फ्रिंज दोन फ्रिंजांमधल्या अंतराच्या दहाव्या भागाने वाकलेली दिसली, तर तो सगळा बाक रेफरन्सचाही असू शकतो. हा हिशोब वहीत आधीच मांडून ठेवा.

काच आजच स्टँडवर ठेवा, झाकून. बीके-७ ही नेहमीची ऑप्टिकल काच तापली की फ्यूज्ड सिलिकाच्या (शुद्ध सिलिकाच्या काचेच्या) दहापटीहून जास्त प्रसरण पावते, त्यामुळे हाताची ऊबही नकाशात उमटते. तीन टेकूंवर सैल बसू द्या. स्क्रू आवळला की नकाशा खोगिरासारखा वळतो आणि दोष मात्र पॉलिश करणाऱ्याच्या माथी बसतो. एकदा मी चांगली काच अशीच परत पाठवली होती, त्याचं वाईट आजही वाटतं.

व्हॅसलिनची डबी हाताशी हवी. बिनकोटिंगच्या काचेची मागची बाजूही चार टक्के प्रकाश परतवते आणि खऱ्या फ्रिंजांवर दुसरी जाळी चढते. व्हॅसलिन तिथे सारवू नका, बोटाने थोपटून खडबडीत ठेवा, म्हणजे तो प्रकाश विखुरतो. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा. एका कणाभोवतीही गोल कडी दिसतात. कोरड्या कापडाने कधीच पुसू नका.

फ्रिंजा तीन-चारच ठेवायच्या. काचेचा रेफरन्सशी कल वाढला की फ्रिंजा वाढतात, दोघांवरून परतणारे किरण आतल्या भिंगांमधून वेगवेगळ्या वाटांनी परततात, आणि एरवी एकमेकांत वजा होणारे भिंगांचे दोष शिल्लक राहतात.

काचेच्या कडेला पेन्सिलीने खूण करा. उद्या ती ०, ९०, १८० आणि २७० अंशांत फिरवून चार नकाशे घ्यायचे. खुणेबरोबर फिरेल तो दोष काचेचा, जागचा हलणार नाही तो यंत्राचा. पण वाटीसारखा गोल खोलगटपणा फिरवूनही तसाच दिसतो, तो कोणाचा हे यातून कळत नाही. त्यासाठी तिसरा फ्लॅट लागतो. तिघांच्या जोड्या आळीपाळीने समोरासमोर लावल्या, तर निदान एका व्यासावर प्रत्येकाचा खरा आकार सुटा होतो. म्हणून तो तिसरा फ्लॅटही आजच कपाटातून काढा आणि याच खोलीत, बाकीच्या दोघांशेजारी ठेवा.